थव्याचे वय

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणपक्ष्यांची गणना करणाऱ्यांमध्ये कुरव मोजणे हे हलके काम समजले जाते. चिखल्या आणि तुतारी ओळखताना नवख्याचा घाम निघतो. चोचीची लांबी, पायांचा रंग, उडताना दिसणारी पांढरी पट्टी हे सगळे एका नजरेत धरायचे असते आणि तेवढ्यात थवा उठतो. कुरवांचे तसे नाही. भरती आली की ते वाळूच्या दांड्यावर शेकड्यांनी बसतात, सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, आणि माणसाला फारसे बिचकत नाहीत. दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, दहा-दहाचे गट धरायचे, बेरीज कागदावर मांडायची. हे काम वर्षानुवर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की या सोपेपणाच्या नादात कुरवाविषयीची सर्वांत मोलाची माहिती आपण हातची घालवतो. थव्यात पक्षी किती, ते लिहितो. त्यात गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले किती, ते लिहीत नाही. हा दुसरा आकडा नसेल तर पहिला आकडा दिशाभूल करतो, निदान कुरवाच्या बाबतीत तरी. हे का, ते समजण्यासाठी हा पक्षी दिसतो कसा, खातो काय आणि वितो कुठे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या जाती दोन: तपकिरी डोक्याचा कुरव आणि त्याहून किंचित लहान, काळ्या डोक्याचा कुरव. दोघेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, तेव्हा डोके जवळजवळ पांढरे असते आणि डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरलेला असतो. पाठ फिकट राखाडी, पोट पांढरे, पाय आणि चोच लाल, चोचीचे टोक काळे. ओळख पटवायची ती पंखाच्या टोकावरून. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पंखाचे टोक ठळक काळे आणि त्या काळ्यात आरशाच्या तुकड्यांसारखे पांढरे ठिपके. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र आणि काळे फक्त टोकाला, मागच्या बाजूने. पहिल्याच्या डोळ्याचे बुबुळ फिकट असते, त्यामुळे नजर करडी वाटते. दुसऱ्याचा डोळा गडद. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर डाग उमटू लागतात आणि एप्रिलमध्ये उशिरापर्यंत रेंगाळलेल्या पक्ष्यांचे डोके पूर्ण तपकिरी झालेले असते. हे वर्णन मोठ्या पक्ष्यांचे. पहिल्या वर्षीच्या पक्ष्याला शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असतो, पंखावर तपकिरी डाग असतात, पाय आणि चोच लाल नसून मळकट नारिंगी असतात. अंगावरची पिसे तो शरद ऋतूतच बदलतो, पण पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीच राहतात. म्हणजे हा पक्षी आपला जन्मदाखला सबंध हिवाळाभर अंगावर वागवत असतो आणि तो आपल्यापुढे बसूनही आपण वाचत नाही.

आता त्याचा आहार. कुरवाला काय चालते यापेक्षा काय चालत नाही हे सांगणे अवघड. मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्ले, ओहोटीच्या चिखलातले किडे, बंदरावर टाकलेली आतडी, कचऱ्यातले अन्न, सुरय पक्ष्याने धरलेला मासा हिसकावून घेणे, हे सगळे त्याच्या खाण्यात बसते. देशावर जायकवाडी आणि उजनीच्या जलाशयांवरही कुरव हिवाळा काढतात. युरोपात काळ्या डोक्याचा कुरव नांगरामागून चालत गांडुळे वेचतो आणि उडत्या मुंग्या हवेत टिपतो. डोळ्यांच्या वर कपाळात त्याच्या मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातले जादा मीठ काढून नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात, म्हणून खारे पाणी, निमखारे पाणी आणि गोड्या पाण्याचे तळे यांत तो सहज ये-जा करतो. ट्रॉलरवर जाळे ओढून मासळी निवडायला घेतली की नको ती बारीक मासळी पाण्यात परत जाते. त्या वेळी होडीमागे वाऱ्यावर तरंगणारे कुरव नीट पाहिले तर वयातला फरक खाण्यातही दिसतो. मोठा पक्षी उतरतो, मासा डोक्याकडून गिळतो आणि वर येतो. पहिल्या वर्षीचा पक्षी मासा आडवा धरतो, चोचीत फिरवायला जातो, तो निसटतो आणि खाली पडायच्या आत दुसऱ्याने उचललेला असतो. पोट भरण्याचे कौशल्य यायला या पक्ष्यांना वेळ लागतो, हे अनेक जातींच्या कुरवांवर अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि मोजणीच्या दृष्टीने ते लक्षात ठेवायला हवे. पुढे त्याचा संदर्भ येईल.

या लवचीक खाण्यामुळेच कुरवाविषयी आपल्या मनात एक निर्धास्तपणा आला आहे. ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांवर मासळी उतरते तिथे ते असणारच. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे चिप्स, शेव, बिस्किटे फेकणाऱ्या प्रवाशांच्या हातापर्यंत ते येतात. इतका पक्षी, इतक्या सहज पोट भरणारा, त्याला काय होणार आहे, असे पक्षीनिरीक्षकही म्हणतात. पण अन्नाच्या ढिगाभोवती जमलेला थवा पाहून जातीची प्रकृती ठरवणे चुकीचे आहे. अन्न पक्ष्यांना एका जागी गोळा करते. गोळा झालेले पक्षी एकंदर वाढले की घटले हे त्यावरून कळत नाही. उलट आसपासच्या खाड्या ओस पडून सगळे एका बंदरावर जमले असतील तर त्या बंदराचा आकडा फुगलेलाच दिसेल. ब्रिटनमध्ये हेरिंग कुरव शहरांच्या छपरांवर घरटी करू लागला, समुद्रकाठच्या गावांत लोकांच्या हातातले खाणे पळवू लागला, त्याचा सुळसुळाट झाल्याची तक्रार सगळीकडे होती; आणि त्याच काळात, २००९ साली, त्याचे नाव तिथल्या चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेले, कारण एकूण संख्या घसरली होती.

खाण्यात जितका सैल, तितका हा पक्षी विणीत काटेकोर आहे. आपल्या किनाऱ्यावर येणारा तपकिरी डोक्याचा कुरव कोकणात घरटे करत नाही, भारताच्या सपाट प्रदेशात कुठेच करत नाही. त्याची वीण होते ती लडाख, तिबेट, चिंगहाई आणि पामीरच्या पठारांवरच्या सरोवरांत. लडाखमधले त्सो कार आणि त्सो मोरिरी ही सरोवरे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहेत. बर्फ वितळल्यावर आणि पुन्हा थंडी पडण्यापूर्वी मिळणारे उन्हाळ्याचे मोजके महिने, त्यात अंडी, उबवणी, पिल्लांना पंख फुटणे, सगळे उरकायचे. घरटे जमिनीवर, बेटावर किंवा दलदलीत, चारी बाजूंनी पाणी असेल अशा जागी, आणि एकेकटे नव्हे तर वसाहतीने. साधारण तीन अंडी. कोल्हा किंवा कुत्रा पायी पोचू शकला की जमिनीवरचे घरटे संपलेच, म्हणून पाण्याची पातळी ही त्याची तटबंदी. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले तर ती वसाहत त्या वर्षापुरती तरी मोडली. ज्या पक्ष्याला उजनीपासून अलिबागपर्यंत कुठेही पोट भरता येते, त्याला अंडी घालायला मात्र अशा मोजक्याच जागा चालतात.

वसाहतीत हा पक्षी किती बारकाईने वागतो, हे निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवावर दाखवून दिले. १९७३ साली नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, रेव्हनग्लास इथल्या वाळूच्या टेकड्यांवर बरीच वर्षे काम केले. डोक्यावरचा गडद रंग हा तिथे धमकीचा रंग ठरतो. शेजारी हद्दीत आला तर चेहरा पुढे करून त्याला दटावले जाते. आणि जोडी जमवताना नर-मादी एकमेकांशेजारी उभे राहून झटकन मान विरुद्ध बाजूला वळवतात, चेहरा दृष्टीआड करतात, पांढरा मानेचा मागचा भाग तेवढा दाखवतात. त्यांनी तपासलेली दुसरी गोष्ट अंड्याच्या कवचाची. पिल्लू बाहेर आल्यावर आई किंवा बाप रिकामे कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर नेऊन टाकतो. कवच बाहेरून मातकट ठिपक्यांचे, पण फुटल्यावर आतला पांढरा भाग उघडा पडतो आणि कावळ्याच्या नजरेत भरतो. अंड्यांशेजारी फुटकी कवचे ठेवून पाहिल्यावर ती अंडी अधिक पळवली गेली. मग कवच ताबडतोब का नेत नाहीत? कारण ओल्या अंगाचे नवे पिल्लू शेजारचेच कुरव गिळतात. पिल्लाची लव वाळून ते फुगीर होईपर्यंत थांबायचे आणि मग काही क्षणांसाठी घरटे सोडायचे, इतका नाजूक हिशेब त्या काही सेकंदांच्या कृतीत आहे. याच वसाहतीत हान्स क्रूक यांनी कोल्हे अंधाऱ्या रात्री गरजेपेक्षा कितीतरी अधिक कुरव मारून टाकतात, हे नोंदवले. हजारो जोड्यांची ती वसाहत १९८०च्या दशकात पार उजाड झाली. पिल्ले घडवायची जागा एकदा सुरक्षित राहिली नाही की भोवतालचे अन्न तिला वाचवत नाही.

असे दुसरेही दाखले आहेत. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातल्या राझा या एक चौरस किलोमीटरहूनही लहान बेटावर हीरमनच्या कुरवाची जगातली नव्वद टक्क्यांहून अधिक वीण होते. समुद्राचे पाणी तापून सार्डीन दूर गेले त्या वर्षी तिथली घरटी मोठ्या संख्येने सोडली जातात. आपल्याला अधिक जवळचा दाखला चिंगहाई सरोवराचा: २००५च्या मे महिन्यात तिथे बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंस सर्वाधिक, पण पल्लासचे आणि तपकिरी डोक्याचे कुरवही होते. एका वसाहतीत एका मोसमात एवढे घडू शकते, आणि तेव्हा कोकणातला माणूस काही महिने आधी पाहिलेल्या थव्याची आठवण धरून निवांत असतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. अन्न वाढले की वीणही वाढते, याची उदाहरणे आहेतच की. भूमध्य समुद्रातला ओदुआँचा कुरव एकेकाळी दुर्मीळ होता. १९८१ साली काही मोजक्या जोड्या स्पेनच्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात विणीला आल्या आणि पंचवीस वर्षांत ती वसाहत पंधरा हजार जोड्यांच्या घरात गेली. त्यामागे ट्रॉलरनी समुद्रात टाकलेल्या नको त्या मासळीचा मोठा हात होता. ट्रॉलर बंद असण्याच्या काळात त्यांना वाढवता आलेली पिल्ले कमी भरत, यावरून ते स्पष्ट झाले. हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो माझा मुद्दा अधिक नेमका करतो. तिथले अन्न घरट्याच्या आसपास, अंडी-पिल्लांच्या काळात मिळत होते. कोकणात ट्रॉलरमागे मिळणारे अन्न ऑक्टोबर ते मार्चचे. आपली जून-जुलैची मासेमारी बंदी सुरू होते तेव्हा हे पक्षी हिमालयापलीकडे असतात. आपले अन्न त्यांना हिवाळा तारून नेईल, पिल्ले वाढवून देणार नाही. शिवाय एब्रोची गोष्ट तिथेच थांबली नाही. कोल्हे वसाहतीत पोचले आणि पक्षी ती जागा सोडून पांगले. अन्नाने उभी केलेली वसाहतसुद्धा घरट्याच्या सुरक्षेवरच टिकते. लाँचमधून शेव फेकणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तळलेल्या खारट खाण्याने कुरवाच्या विणीचे काही भले होत नाही, आणि दाटीवाटीने एकत्र आलेले पक्षी रोगाला सोपे होतात. ती सवय सोडावी, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

एकूण आकडा दिशाभूल का करतो, याचे मूळ कुरवाच्या आयुर्मानात आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाने तिशी ओलांडल्याच्या नोंदी पायातल्या कड्यांवरून मिळाल्या आहेत. समजा, एखाद्या थव्यात हजार प्रौढ पक्षी आहेत आणि दरसाल शंभरातले दहा मरतात. एकही पिल्लू जगले नाही तरी पाच वर्षांनी जवळजवळ सहाशे पक्षी उरतात. दरवर्षीची घट शंभर किंवा त्याहून कमी. आता किनाऱ्यावर काम केलेल्या माणसाला विचारा: भरती अर्ध्या तासाने चुकली, वारा दक्षिणेचा झाला, दोन ट्रॉलर आज बाहेर गेले नाहीत, एवढ्याने थव्याच्या आकड्यात शंभराचा नव्हे, तीनशे-चारशेचा फरक पडतो. खरी घट या चढउतारात बुडून जाते. ती उघड दिसेपर्यंत थवा म्हाताऱ्यांचा झालेला असतो आणि पुन्हा उभा राहायला लागणारी तरुण पिढी जन्मलेलीच नसते. वयाचा आकडा मात्र पहिल्याच हिवाळ्यात बोलतो. दहा टक्के मृत्यू भरून काढायचे तर थव्यात दहांत किमान एक नवा पक्षी हवा, खरे तर अधिक, कारण पहिल्या वर्षी मरणाऱ्यांचे प्रमाण जास्त असते. दोन-तीन हिवाळे ओळीने तो वाटा नगण्य राहिला, तर एकूण संख्या कितीही भरघोस असो, वरच्या सरोवरांवर काहीतरी बिघडले आहे असे समजायला हरकत नाही.

प्रत्यक्ष काम करणारे यावर दोन शंका काढतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली, पिल्ले आणि मोठे पक्षी एकाच ठिकाणी हिवाळा काढत असतील कशावरून? तसे नसेलही. खाण्यात कच्चे असलेले तरुण पक्षी आयत्या अन्नाकडे, म्हणजे बंदराकडे, अधिक झुकू शकतात आणि उघड्या वाळूवरच्या थव्यात कमी भरू शकतात. म्हणूनच एका जागेचा वाटा सबंध जातीचा मानू नये. जागा, महिना आणि भरतीची वेळ तीच ठेवावी, बंदर आणि दांडा यांचे आकडे वेगळे लिहावेत, आणि यंदाची तुलना त्याच जागेच्या गेल्या वर्षांशी करावी. मोजमापात कायमचा कल असला तरी त्यातला बदल खराच असतो. दुसरी शंका ओळखीची: नवख्या स्वयंसेवकाला हे जमेल का? बसलेल्या पक्ष्याची शेपटी पंखांच्या टोकांखाली झाकली जाते, हे खरे. तेव्हा पंखावरचा तपकिरी डाग आणि पायाचा रंग पाहावा लागतो. थवा उठला की शेपटीचा काळा पट्टा मात्र दूरवरून दिसतो, आणि त्या क्षणी काढलेले छायाचित्र घरी सावकाश मोजता येते. ह्यूग्लिनच्या कुरवासारख्या मोठ्या जातींना प्रौढ व्हायला चार वर्षे लागतात, त्यांची मधली वये खरोखर किचकट. ती सोडून द्यावीत. लहान दोन जातींपुरते पहिल्या वर्षीचा आणि त्यापुढचा, एवढे दोनच भाग पुरेत.

आणि हे कळून तरी कोकणातला माणूस काय करणार, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की त्सो कार आणि त्सो मोरिरी भारतातच आहेत. त्सो मोरिरीला २००२ साली आणि त्सो कारला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे पर्यटन वाढले, छावण्या वाढल्या, आणि त्यांच्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातात ही लडाखमधली जाहीर चिंता आहे. कुत्र्यांचा बंदोबस्त कुठे तातडीचा, कोणत्या महिन्यांत काठ पर्यटकांना बंद ठेवावा, याचे निर्णय तिथेच होतील; पण वीण सलग फसते आहे का, याचा स्वतंत्र पुरावा हिवाळ्यात किनाऱ्यावरून देता येतो. तो कोणत्या एका सरोवराचा, हे थव्यावरून ठरणार नाही. त्यासाठी पायात कडी घातलेले पक्षी लागतील आणि कडी वाचणारे डोळेही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्याच दिवसांत, त्याच माणसांना हे करता येईल. ई-बर्डवर यादी भरताना वयाची नोंद करण्याची सोय आजही आहे, फक्त कुरवाच्या ओळीवर ती सहसा कोरी राहते. सगळा थवा वयानुसार मोजायला वेळ नसेल तर एकूण आकडा नेहमीसारखा घ्यावा आणि थव्याच्या दोन्ही टोकांचे आणि मधले मिळून शंभर-दोनशे पक्षी वयाने तपासावेत, कारण तरुण पक्षी पुष्कळदा कडेला ढकलले जातात आणि एकाच कोपऱ्यातला नमुना खोटा पडतो.